ओपन माइकला सगळ्याच कवितांना टाळ्या कशाला?

तिकटीवरचा
रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅफेच्या माडीवर कवितांचा ओपन माइक झाला. नाव द्यायचं, पाच मिनिटं घ्यायची. साडेसहाचं सव्वासातला सुरू झालं, ते चालतंय. पण सव्वीस जण आले आणि सव्विसांना सारख्याच टाळ्या! एकाने पावसात 'तुझी आठवण' आणली, मग ओळीने चौघांनी आणली. मधेच खालून कोल्ड कॉफीचा मिक्सर सुरू व्हायचा, तर बरं वाटायचं.

आपलं गाव कुस्तीचं. खासबागेत कच्चा गडी उतरला तर लोक तोंडावर सांगतात. कवितेलाच एवढी माया का? कुणीतरी जाणत्याने आधी कविता बघाव्यात आणि दहाच ठेवाव्यात.

रंकाळ्याचा वारा
दादा, खासबाग मैदान आहे. ओपन माइक ही तालीम. लाल मातीत रोज पाठ टेकणाऱ्या पोराला वस्ताद घरी पाठवत नाही. आणि दहाच कवी पाहिजेत तर संमेलनं आहेत की, तिथं जावा.

पोटमाळा
'तुझी आठवण'मधली चौथी माझी होती. टाळ्या परत घ्यायच्या असतील तर सांगा, जपून ठेवल्यात.

गगनबावडा गाडी
मीपण होतो तिथं. तेविसावी आलेली पोरगी कुणाला आठवते का? मोबाईल नाही, चिठ्ठी नाही.

*आईनं हाक मारली तवा मी रानात होतो,*
*परत आलो तर दाराला कुलूप होतं.*

'होतो' म्हटल्याबरोबर मागच्या बाकावर हशा. आपल्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आमची आजी जन्मभर तसंच बोलली. पण माइकवर आलं की लोकांना ते विनोदी वाटतं. पोरगी थांबली. माइक जरा खाली घेतला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. मग कुणी हसलं नाही. तुमच्या जाणत्याने ही कविता ठेवली असती? आधी लाल पेनाने 'होते' केलं असतं.

तिकटीवरचा
हसणाऱ्यांत मी होतो. लपवत नाही. पण भावा, हे माझ्याच बाजूचं बोललास. तिला ज्या टाळ्या मिळाल्या त्याच वरच्या पोटमाळ्यालाही मिळाल्या. आपण काय करून गेलो हे त्या पोरीला कळायचं कसं?

जुनी वही
हा वाद नवा नाही. रविकिरण मंडळ या कवींच्या गटाने १९२३ पासून पुढे कविता लोकांसमोर चालीवर म्हणायला सुरुवात केली, तेव्हाही लोक भाळले आणि अत्र्यांनी विडंबनं करून टोपी उडवली. त्याच मंडळातले माधव जूलियन पुढे इथल्या राजाराम कॉलेजात शिकवायला होते. मराठीत गझल रुजवली त्यांनी, फारसीचा गाढा अभ्यास. आणि तेच नंतरच्या काळात भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते! तेव्हा लाल पेन मोठ्यांच्या हातातही असतं. तरीसुद्धा मला तिकटीवाल्यांचं अर्धं पटतं. टाळ्या राहू देत, पण कविता संपल्यावर दोन वाक्यं बोलणारं कुणीतरी पाहिजे.

रंकाळ्याचा वारा
आणि ते 'कुणीतरी' दोन वाक्यांत थांबतंय होय? अध्यक्षीय भाषण होतंय बघा. सव्वीस कवी परवडले.

गगनबावडा गाडी
एक राहिलं. ती शेवटपर्यंत थांबली नाही, शेवटची गाडी गाठायची होती. जिना उतरताना एका बाईने तिला विचारलं, "कुठली गं तू?" एवढंच काय ते मत तिला मिळालं.

तिकटीवरचा
पुढच्या वेळी तिला पहिल्या पाचात घ्या, म्हणजे गाडी चुकायची नाही. बाकी माझं म्हणणं तेच आहे. दहाच.

पोटमाळा
दहात मी असेन ना?