टोमॅटो प्युरीच्या प्लांटला सगळीकडे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप चालेल का?

दिंडोरी_प्रोसेस
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात टोमॅटो प्युरीचं युनिट उभं राहतंय. सिव्हिलचं काम संपत आलंय, आता पाइपिंगची ऑर्डर द्यायची आहे. माहिती अशी:
बॉयलर ताशी ८५० किलोचा, १०.५४ किलो प्रेशरचा (दर चौरस सेंटीमीटरला). हीटरपर्यंत वाफेची लाईन सरळ ४० मीटर, ८ किलोवर ताशी ६०० किलो वाफ लागेल. कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) परत फीड टँकला आणायचंय. सीआयपीसाठी (लाईन न उघडता आतून धुणं) २ टक्के कॉस्टिक ८० अंशांवर, मग १ टक्का नायट्रिक, शेवटी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). स्क्रू कॉम्प्रेसर ७ बारचा. पाणी बोअरचं, क्लोराइड लिटरला १८० मिलिग्रॅम, सॉफ्टनर बसवतोय. ड्रेन थेट ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला).
ठेकेदाराचं म्हणणं, प्रॉडक्ट लाईन तेवढी एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ घ्या, बाकी सगळीकडे सी क्लास जीआय, सीआयपीला सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) आणि ड्रेनला यूपीव्हीसी (साधा कडक पीव्हीसी). स्वस्तात बसतंय हे खरं, पण मनाला पटत नाही. पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा?

स्टीमलाईन_सातपूर
वाफेला जीआय नाही म्हणजे नाही. वाफेचं प्रेशर साडेतीन किलोच्या वर गेलं की ती लाईन बॉयलर कायद्याखाली येते. पाइप आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) सर्टिफिकेटचाच लागतो, व्हॉल्व्ह आणि फिटिंगला फॉर्म थ्री-सी सर्टिफिकेट, वेल्डर आयबीआर पास, आणि ड्रॉइंग आधी मंजूर करून घ्यायचं. काम झाल्यावर कागद जमवायला निघालात तर पाइप कापावा लागतो.

माल: एएसटीएम ए १०६ ग्रेड बी, सीमलेस, शेड्यूल (जाडीचा वर्ग) ४०. तुमच्या ६०० किलोला ४० एनबी (पाइपचं नाममात्र माप, मिमीत) पुरेल, वेग सेकंदाला साधारण २७ मीटर पडतो. संपृक्त वाफेला २५ ते ३५ च्या दरम्यान ठेवतात. ठेकेदार ‘असू द्या’ म्हणून ८० एनबी टाकेल, तो टाकू देऊ नका. मोठ्या पाइपला बाहेरचा पृष्ठभाग जास्त, उष्णता जास्त जाते, पाणी जास्त साचतं आणि इन्सुलेशनचा खर्चही वाढतो.

आता ४० मीटर सरळ लाईनचा मुद्दा. कार्बन स्टील दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं. २५ अंशांवरून १८५ च्या आसपास गेलं की ४० मीटरमागे जवळपास ७७ मिमी. दोन्ही टोकं घट्ट असतील तर ही वाढ हीटरच्या नोझलवर नाहीतर वेल्डवर निघते. मध्ये एक लूप (यू आकाराचं वळण) घ्या, एक अँकर (पक्का सपोर्ट) लूपच्या अलीकडे, एक पलीकडे, बाकी सगळे सपोर्ट सरकते. लाईनला वाफ जाते त्या दिशेने १०० ला १ उतार, दर ३० मीटरला आणि प्रत्येक चढाच्या पायथ्याशी ड्रेन पॉकेट आणि ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारा). रिड्युसर एक्सेंट्रिक (एका बाजूने सपाट), सपाट बाजू खाली. कॉन्सेंट्रिक लावला तर त्याच्या पोटात पाणी उभं राहतं आणि सकाळी व्हॉल्व्ह उघडताच वॉटर हॅमरचा दणका बसतो.

कंडेन्सेटला सगळे फसतात. फीडच्या पाण्यातले बायकार्बोनेट बॉयलरमध्ये फुटतात, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. पाइप कापून बघा, वरचा भाग शाबूत आणि तळाला नांगरटीच्या तासासारखी लांब चर. आट्यांपाशी पत्रा आधीच पातळ असतो, म्हणून गळती पहिली तिथे. शेड्यूल ८० घ्या आणि आटे टाळून वेल्ड करा. ५० एनबीला शेड्यूल ४० ची जाडी ३.९१ मिमी, ८० ची ५.५४. या दीड मिमीवर बरीच वर्षं निघतात. पैसे असतील तर सरळ एसएस ३०४.

आणि साइज पाण्यावर काढू नका. ८ किलोचं कंडेन्सेट उघड्या टँकच्या प्रेशरला आलं की त्याचा सुमारे १४ टक्के भाग पुन्हा वाफ होतो. ताशी ६०० किलोमागे ८५ किलो फ्लॅश वाफ, म्हणजे १४० घनमीटर. तिला सेकंदाला १५ मीटर वेग धरला तर ६५ एनबी लागतो. जायची लाईन ४०, परतीची ६५! उलटं वाटतं, पण हिशेब हाच. हीटरच्या आधी पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) लावून ३ किलोवर चालवलंत तर ५० एनबीत भागेल.

फूडग्रेड_अंबड
प्रॉडक्ट आणि सीआयपीचं मी सांगतो. प्युरीचा पीएच ४ ते ४.५ आणि वर मीठ असेल तर ३०४ वर भरवसा ठेवू नका. प्रॉडक्टला ३१६एल (मॉलिब्डेनम असलेलं स्टेनलेस), डेअरी ट्यूब, ५१ मिमी बाहेरचा व्यास, दीड मिमी जाडी, आतलं फिनिश ०.८ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं माप) किंवा त्याहून गुळगुळीत.

तुमचं १८० क्लोराइड हा खरा धोका आहे. थंड पाण्यात ३०४ ला साधारण २०० ची मर्यादा धरतात, म्हणजे तुम्ही काठावरच आहात. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की ताण असलेल्या जागी, वेल्डजवळ, बेंडवर, केसासारख्या भेगा पडतात. सॉफ्टनर क्लोराइड काढत नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन सोडियम देतो, क्लोराइड जसंच्या तसं. ही गल्लत फार ठिकाणी होते. सीआयपीच्या गरम फेऱ्यांना आणि शेवटच्या धुण्याला आरओचं पाणी ठेवा. हायपो थंडच, ठरल्या वेळेपुरता आणि लगेच धुऊन काढायचा. हायपो आणि नायट्रिकची गाठ एकाच लाईनमध्ये कधीही पडू देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. दोघांच्या मध्ये पाण्याची पूर्ण फेरी हवीच.

सीपीव्हीसी सीआयपीला नको. कॉस्टिक ते सहज सोसतं, अडचण तापमानाची. एसडीआर (व्यास भागिले जाडी) ११ चा पाइप २७ अंशांना २८ किलो झेलतो, ८२ अंशांना फक्त ७. वाफेने तापवताना कंट्रोल व्हॉल्व्ह अडकून तापमान ९३ च्या वर गेलं तर पाइप मऊ पडतो. त्यात पंप चालू-बंद होतानाचे धक्के. सीआयपीची जाणारी आणि येणारी लाईन दोन्ही एसएस. ५१ च्या ट्यूबमध्ये धुण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर मिळायला पंप ताशी १० घनमीटरचा लागेल. याहून कमी असेल तर कॉस्टिक कितीही कडक केलं तरी भिंतीवरचा थर हलत नाही.

वेल्डिंगला आतून आर्गनचं पर्जिंग (वायू सोडून हवा घालवणं) हवंच. बिनपर्जिंगचा जोड आतून काळा, दाणेदार होतो, साखर जळल्यासारखा. तिथे प्युरी चिकटते, तिथूनच गंजही सुरू होतो. फिकट पिवळा रंग चालेल, निळा-काळा आला तर कापून पुन्हा करायला लावा. एमएसवर (साध्या लोखंडावर) वापरलेलं ग्राइंडिंग व्हील एसएसला लावू देऊ नका.

माल उतरवताना पाइपवरचा हीट नंबर (भट्टीतल्या ओतणीचा क्रमांक) आणि टेस्ट सर्टिफिकेटचा नंबर एकच आहे का ते स्वतः बघा. ३०४ आणि ३१६ डोळ्यांना सारखेच दिसतात, २०० सिरीजसुद्धा. चुंबकाने काही कळत नाही. मॉलिब्डेनमचा थेंब टाकून तपासा किंवा पीएमआय (यंत्राने धातूची ओळख) करून घ्या.

दिंडोरी_प्रोसेस
फार मोलाचं सांगितलंत दोघांनीही. कॉम्प्रेस्ड एअरला तरी जीआय चालेल ना? आणि ड्रेन यूपीव्हीसीच ठेवू का? ते जवळपास ५० मीटर आहे.

युटिलिटी_सिन्नर
एअरला ड्रायरपर्यंत जीआय चालेल. ड्रायरच्या पुढे नको. ओलाव्याने जस्त सुटतं, त्याचे पापुद्रे आणि गंज फिलिंग मशीनच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. पुढे अॅल्युमिनियमचा एअर पाइप घ्या किंवा एसएस ३०४ शेड्यूल १०. हवा प्युरीला लागत असेल तर एसएसच. फाटा नेहमी मुख्य लाईनच्या माथ्यावरून काढा, वेग सेकंदाला ६ ते ८ मीटर.

कुणी स्वस्त म्हणून यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी सुचवलं तर हवेला अजिबात लावू देऊ नका. पाण्याची लाईन फुटली तर पाणी उडतं. हवेची फुटली तर दाबलेली सगळी हवा एकदम सुटते आणि धारदार तुकडे माणसांवर जातात. कॉम्प्रेसरचं सिंथेटिक तेलही सीपीव्हीसीला आतून तडे पाडतं. हवेचा राहू द्या, सीपीव्हीसीच्या पाणी लाईनचीसुद्धा टेस्ट हवेने करू नका, पाण्यानेच करा. थंडीत आपल्याकडे सकाळी पारा १० च्या खाली जातो, जोडाचं सॉल्व्हंट उशिरा वाळतं, २४ तास थांबून मगच प्रेशर द्या.

पैसे इथे वाचतात: बोअर ते टाकी पीई १०० एचडीपीई, जमिनीखालून. हात धुण्याच्या ६० अंशांच्या पाण्याला सीपीव्हीसी उत्तम. आरओच्या पाण्याला यूपीव्हीसी शेड्यूल ८०. तिथे जीआय नको, आरओचं पाणी जस्त खातं. उन्हात जाणाऱ्या यूपीव्हीसीला पाण्यात कालवायचा पांढरा रंग मारा.

ड्रेनला मात्र यूपीव्हीसी नको. आयएस ४९८५ चा पाइप ४५ अंशांपर्यंतचाच आहे. सीआयपीचं कॉस्टिक ८० ला सोडलं की पाइप सपोर्टच्या मधे पोट काढतो, जोड सुटतो आणि कॉस्टिक पायाखाली जातं. थंड पाणी मिसळून निववायचं म्हटलं तर ५०० लिटर ७५ चं पाणी ४० वर आणायला २५ अंशांचं जवळजवळ १२०० लिटर लागेल, तेही सगळं ईटीपीवर. त्यापेक्षा ईटीपीच्या इक्वलायझेशन टाकीपर्यंत पीपी-एच (पॉलिप्रॉपिलीन) टाका, फ्यूजन वेल्डचे. गरम लाईनला अखंड आधार द्या, म्हणजे खाली अँगल किंवा ट्रे. पीपी दर मीटरला दर अंशाला ०.१५ मिमी वाढतं, ५० मीटरला ५० अंशांचा फरक म्हणजे ३७५ मिमी. वळणं आणि एक्स्पान्शन लूप दिल्याशिवाय ते सरळ राहत नाही. बॉयलरचा ब्लोडाऊन (तळातून सोडलेलं गरम पाणी) या पाइपात सोडू नका, त्याला वेगळा ब्लोडाऊन टँक.

डोसिंगचं कुणी बोललं नाही. कॉस्टिक लाय (कॉस्टिकचं द्रावण) ४८ टक्क्यांची घेऊन ठेवलीत तर १२ अंशांच्या आसपास ती गोठू लागते, डिसेंबरच्या सकाळी लाईन चोक. आणल्यावर २५ टक्क्यांवर पातळ करून साठवा. पाण्यात लाय हळूहळू सोडायची, उलट कधीच नाही, नाहीतर उकळून अंगावर उडते. तिला जीआय किंवा अॅल्युमिनियम लागलं की हायड्रोजन सुटतो. हायपोची लाईन यूपीव्हीसी, बॉल व्हॉल्व्ह मात्र व्हेंट होलवालाच. साध्या व्हॉल्व्हच्या बॉलमध्ये हायपो अडकून राहतो, वायू धरतो आणि व्हॉल्व्ह फुटतो. कडक नायट्रिकला पीपी नको, ३०४एल.

फूडग्रेड_अंबड
एक राहिलं. एसएसच्या लाईनची हायड्रोटेस्ट बोअरच्या पाण्याने करू देऊ नका, क्लोराइड ५० च्या खाली असलेलं आरओचं पाणी वापरा. टेस्ट संपली की त्याच दिवशी काढून हवेने सुकवा. टोमॅटोचा हंगाम संपला की पुढचे काही महिने प्लांट बंद राहील. तेव्हाही हेच करायचं: लाईन रिकामी, तळाचे क्लॅम्प उघडे, ईपीडीएम (रबरी) गॅस्केट काढून ठेवलेले. तळाशी दोन बोटं पाणी राहिलं तर पुढच्या हंगामाला बेंडजवळ सुईच्या टोकाएवढी भोकं सापडतात, आणि प्रॉडक्ट लाईनला पॅच मारता येत नाही, तो तुकडाच बदलावा लागतो.