मदत हवी आहे: मॉर्गन प्लस फोर घ्यायची म्हणतोय. 'हाताचं काम' म्हणून किती सोडून द्यायचं?

लेमिंग्टनकर

नमस्कार मंडळी,

इथे गाड्यांवर भरभरून लिहिणारे बरेच आहेत, त्यातले काही इंग्लंडातही राहतात, म्हणून हा धागा. मॉर्गन प्लस फोर घ्यायचं डोक्यात आहे. नवी किंवा थोडी वापरलेली, पण गिअर हाताने टाकायचे. ऑटोमॅटिक नको.

ज्यांना ही कंपनी माहीत नाही त्यांच्यासाठी: वूस्टरशरमधल्या माल्व्हर्न गावात १९०९ पासून गाड्या बनवतात. वर्षाकाठी हजाराच्या आतच. रूप युद्धापूर्वीच्या गाड्यांचं, लांब नाक, गोल दिवे, पंखासारखे मडगार्ड. पण २०२० च्या प्लस फोरच्या पोटात सगळं नवं आहे: चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची चासी, बीएमडब्ल्यूचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, २५५ अश्वशक्ती, आणि वजन जेमतेम एक टन. त्या चासीवर अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आणि सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. 'लाकडी चासीची गाडी' असं सगळीकडे ऐकू येतं ते खोटं आहे. लाकूड फक्त बॉडीला.

आता अडचण. मी पुण्यातून इकडे आलेला बॉडी इंजिनिअर. दार आणि फेंडरमधली फट वर साडेतीन मिलिमीटर आणि खाली साडेचार भरली तर आमच्याकडे मीटिंग बसते, आणि ती बसवणारा मीच असतो. या गाडीत बॉनेट त्या-त्या गाडीवर ठेवून हाताने जुळवतात. म्हणजे एका गाडीचं बॉनेट दुसरीला बसेलच असं नाही. शोरूममध्ये दोन प्लस फोर शेजारी असल्या की माझी नजर आपोआप फटींवर जाते आणि मग गाडी दिसतच नाही.

तर विचारायचंय असं. फटींमधला कुठला फरक हातकामाचा आणि कुठला खरा दोष, हे ओळखायचं कसं? लाकडाचं काय होतं, इथल्या ओल्या हिवाळ्यात? आणि रूपाबद्दलही बोला. बायकोचं मत स्पष्ट आहे: "नव्या गाडीला जुना चेहरा कशाला? खरी जुनीच घे की." मला उत्तर सुचलं नाही. मॉर्गनचीच सुपरस्पोर्ट बजेटच्या बाहेर आहे, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

घाटातला_वाघ

एवढ्या पैशात चांगली वापरलेली पोर्शे ९११ येते. डिकी पण असते, छप्पर पण गळत नाही. विषय संपला.

लेमिंग्टनकर

वाघोबा, ९११ आमच्या गल्लीत तीन आहेत. प्लस फोरला डिकी नाही हे खरंच. सीटच्या मागे बॅगा कोंबायच्या, नाहीतर मागे कॅरिअर लावायचं. आमचं दोघांचं सामान मावतं.

पाना_तेरा

लेमिंग्टनकर, मी यॉर्कशरमध्ये असते. नवरा आणि मी हौसेने जुन्या ब्रिटिश गाड्या उघडतो आणि कधीकधी परत जोडतोही. मॉर्गन आमची नाही, पण अ‍ॅशच्या सांगाड्यावर हात चालवलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लाकूड. अ‍ॅश निवडतात ते त्याचे तंतू लांब आणि लवचिक असतात म्हणून. इकडे कुऱ्हाडीचे, हातोड्याचे दांडेही त्याचेच. मागच्या चाकावरची कमान एका ओंडक्यातून कापत नाहीत. तीन पातळ पट्ट्यांना सरस लावून साच्यात शिकंज्यांनी आवळून वाकवतात. ही कमान भक्कम असते. अ‍ॅशचा शत्रू पाणी नाही, अडकलेलं पाणी आहे. भिजलं आणि वाळलं तर शंभर वर्षं टिकेल. पण गालिच्याखाली, उंबऱ्याशी, दाराच्या खांबाच्या तळाशी ओल राहिली की आडव्या कापलेल्या टोकातून पाणी वर चढतं. जुन्या मॉर्गन ज्या कुजल्या त्या बहुतेक तिथूनच, आणि तेव्हा लाकडाला आजच्यासारखं औषध देत नव्हते.

म्हणून पहिली तपासणी फटीची करू नका. दार अर्धं उघडा, मागच्या कडेला हात घालून वर उचला. खटखट वाजलं किंवा दार हललं, तर बिजागरी किंवा ज्या खांबाला ती ठोकलीय तो खांब, दोन्हींपैकी काहीतरी सैल आहे. नव्या गाडीत हे अजिबात चालवून घ्यायचं नाही. दुसरं, गाडीचं एक पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवा आणि दोन्ही दारं उघडून लावून बघा. सपाटीवर सहज लागणारं दार तिथे घासायला लागलं, तर फट किती मिलिमीटर आहे याला अर्थ उरत नाही. बॉडी पिळतेय. नव्या चासीच्या गाडीत असं व्हायला नको, तिचा मुख्य फायदाच ताठपणा आहे.

आणि फट स्वतः मोजूच नका. तिची रेघ बघा. पाच मिलिमीटरची फट वरपासून खालपर्यंत पाचच असेल, तर कारागिराने ती तशी ठेवलीय. तीनवर सुरू होऊन मध्ये सहा आणि परत चार झाली, तर घाईत बसवलंय. डावी-उजवीकडे फरक असणं चालतं. एकाच बाजूला रेघ नागमोडी असणं चालत नाही. मी एवढंच बघते.

अप्पा_बेळगाव

पाना_तेरा ताई, वाचून मजा आली. आमच्या भागात ट्रकची नुसती चासी यायची आणि वरचा हौदा सुतार-लोहार मिळून बांधायचे. आधी लाकूड, मग अँगल, मग पत्रा, मग रिबिटं. तिथेही दोन ट्रक एकसारखे कधी नसत, आणि मालक हौद्यावर टिचकी मारून बांधणाऱ्याचं नाव सांगत. लेमिंग्टनकर साहेब, तुमच्या गाडीचा सुतार कोण ते विचारून घ्या!

एक शंका. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडी स्क्रू एकत्र असले की खारट पाण्यात पांढरी भुकटी धरते. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात म्हणे. त्याचं काय?

पाना_तेरा

अप्पा, अगदी नेमकं विचारलंत. दोन वेगळे धातू, मध्ये मिठाचं पाणी, की अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात. यात आधी बघायची जागा म्हणजे मडगार्ड आणि बॉडी यांच्यामधली गोट, ती बारीक पट्टी. तिच्याखाली माती साचते, माती ओल धरते. नखाने पट्टीची कड किंचित उचलून रंगाला फोड आलाय का बघायचं. बॉनेटवरच्या त्या झडपांच्या (हवा जायच्या चिरांच्या) कडाही बघा. त्या पत्र्यात ठोकून काढतात, धारेवर रंग पातळ बसतो, आणि दगड लागला की तिथूनच सुटतो.

रंगाची जाडी मोजायला मीटर नेणार असाल तर नीट बघून न्या. स्वस्तातले मीटर चुंबकावर चालतात, अ‍ॅल्युमिनियमवर ते काही दाखवत नाहीत. लोहेतर धातूवर चालणारा, एडी करंटचा मीटर हवा.

वापरलेली घेणार असाल तर हिवाळ्यात चालवलेली आणि नुसती झाकून ठेवलेली यातली दुसरीच चांगली असं समजू नका. बंद गॅरेजात ओल्या गालिच्यासकट उभी केलेली गाडी जास्त वाईट.

रेषांचा_भोक्ता

रूपावर कुणीच बोलत नाही म्हणून मी. मॉर्गनने जेव्हा जेव्हा चेहरा बदलायला घेतला तेव्हा काय झालं ते बघा. २००० साली एरो ८ आली. चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची चासी त्यांनी पहिल्यांदा तिच्यात आणली, आत बीएमडब्ल्यूचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. तंत्र उत्तम. पण दिवे फोक्सवॅगन बीटलचे बसवले आणि गाडी तिरळी दिसायला लागली! लोकांनी इतकी थट्टा केली की पुढे ते काढून मिनीचे दिवे घातले. थोड्या गाड्या बनवणाऱ्यांची ही कायमची गोची. दिव्याचा साचा बनवणं आणि त्याला मान्यता मिळवणं परवडत नाही, म्हणून मोठ्या कंपनीचा दिवा उचलायचा, आणि उचललेला दिवा दुरूनही ओळखू येतो. प्लस फोरच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरचा दांडा बीएमडब्ल्यूचा आहे तसा आहे. त्या सुंदर डॅशबोर्डसमोर तो पाहुण्यासारखा बसलेला दिसतो. तुम्ही मॅन्युअल घेताय, सुटलात.

वहिनींचा प्रश्न मात्र खरा आहे. माझं मत सांगतो. ज्या गाड्या जुन्याची नक्कल करतात त्यांच्यात गोल दिवा हा स्टिकर असतो, आतली गाडी दुसरीच. मॉर्गनच्या मडगार्डला कारण आहे. १९३६ साली चारचाकी ४-४ आली तेव्हापासून चासी, लाकूड आणि पत्रा बांधायचा क्रम तोच आहे, आणि आकार त्या क्रमातून येतो. म्हणजे ती जुन्या गाडीसारखी बनवलेली नवी गाडी नाही, जुन्या पद्धतीने चालू राहिलेली गाडी आहे. तरी एक टोचतं. प्लस फोर जुन्यापेक्षा रुंद झालीय आणि चाकं मोठी झालीत, त्यामुळे मागून पाहिली तर कमरेत जरा जाड वाटते. तारांची चाकं घेतलीत तर हे झाकलं जातं. धुताना मात्र शिव्या द्याल.

२०२५ ची सुपरस्पोर्ट तुम्ही बाद केलीत, पण एकदा समोर उभे राहून बघा. पृष्ठभाग ताणलेले, दागिने कमी, आणि कुलूप लागणारी डिकी. मला तर तीच जास्त मॉर्गन वाटली. वाघ आता मला खाणार.

घाटातला_वाघ

डिकी आहे ना? मग माझी काही हरकत नाही.

हिशेबी_माणूस

एक गमतीची गोष्ट. १९९० मध्ये आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वी-जोन्स बीबीसीच्या कार्यक्रमासाठी मॉर्गनच्या कारखान्यात गेले होते. बुकिंग केलेल्यांना तेव्हा अनेक वर्षं थांबावं लागे. त्यांचा सल्ला: उत्पादन वाढवा, पद्धत बदला. कंपनीने ऐकून घेतलं आणि नाकारलं. पुढे २०१९ मध्ये बहुतांश मालकी इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन गुंतवणूक समूहाकडे गेली, तरी माल्व्हर्नमधलं लाकूडकाम चालूच आहे.

आता कामाचं. इंग्लंडात डीलरकडून घेतलेल्या गाडीला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर आधी दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. 'हाताने बनवलीय, असंच असतं' हे उत्तर कायद्यात आपोआप चालत नाही. किंमत आणि वर्णन बघून शहाण्या माणसाला जे समाधानकारक वाटेल ते मिळालं पाहिजे.

पण तुमच्यासाठी एक मेख आहे. खरेदीआधी तुम्ही गाडी तपासलीत आणि त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. तुम्ही तर बॉडी इंजिनिअर! तेव्हा मीटर घेऊन तासभर गाडीभोवती फिरणार असाल, तर दिसलेलं सगळं तिथेच लिहून डीलरची सही घ्या, आणि काय दुरुस्त करून देणार तेही त्याच कागदावर.

लेमिंग्टनकर

हिशेबी, हे खरंच माहीत नव्हतं, फार उपयोगी. पाना_तेरा, रेघेचा मुद्दा मनापासून पटला. आमच्याकडे आकडा आणि समांतरता दोन्ही मोजतात, पण ओरडा आकड्यावर होतो. फुटपाथची युक्ती येत्या शनिवारी वापरणार, डीलरचा चेहरा बघण्यासारखा असेल. भोक्ते, तुमचा परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. "कमरेत जाड" एवढंच तिने उचललं.

आणखी एक विचारतो. नवी बुक केली तर रंग, चामडं, लाकडाचा तुकडा सगळं निवडता येतं, पण वाट पाहा. वापरलेली घेतली तर दोष असतील ते आधीच वर आलेले असतील. कुठे कल?

पाना_तेरा

वापरलेली, दोन हिवाळे काढलेली. लाकूड, गोंद, पत्रा सगळं एकदा आकसून-फुगून जागेवर बसलेलं असतं, तेव्हा जी फट दिसेल तीच पुढे राहील. मात्र सुरुवातीच्या प्लस फोरमध्ये ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नव्हतं, ते नंतर आलं. एक टन वजन, मागच्या चाकांना २५५ घोडे आणि ओला रस्ता, हे गणित बघून वर्ष ठरवा.

पाणी मारून बघायला विसरू नका. पाइपने समोरच्या काचेच्या तळाशी आणि बाजूच्या पडद्यांच्या कडेला दहा मिनिटं, मग गालिच्याच्या खाली हात घालायचा. वरून नाही, खालून. गुडघ्यावर चार थेंब आले तर हसून सोडून द्या. गालिचा खालून ओला लागला तर किल्ली परत द्या.

हिशेबी_माणूस

+१. आणि बुकिंग करणार असाल तर: ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला १४ दिवसांत रद्द करायची जी मुभा असते, ती तुमच्या मापाने बनवलेल्या गाडीला नसते. डिपॉझिट देण्याआधी कागद वाचा. विमाही आधी विचारून ठेवा, चिकटवलेली चासी धडकेनंतर सरळ करायला प्रत्येक गॅरेज तयार होत नाही.

अप्पा_बेळगाव

निवृत्तीनंतर गाडी इकडे आणणार असाल तर आमच्या घाटातले खड्डे आधी बघून जा.

लेमिंग्टनकर

अप्पा, इकडे आणायचा विचार नाही, सीमाशुल्क बघूनच घाम फुटला. वापरलेल्या दोन पाहून ठेवल्यात, एक हिरवी आणि एक मळकट निळी. निळीला ईएसपी आहे. मिडलँड्समध्ये कुणाकडे अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा रंग-मीटर शनिवारपुरता मिळेल का? ऑफिसातला बाहेर नेता येत नाही.

पाना_तेरा

आमचा आहे, पण यॉर्कशरहून पाठवेपर्यंत शनिवार जाईल. पुढच्या आठवड्यावर ढकलणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बॅटरी तुमची.