नॅक पुनर्मूल्यांकन : तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि रिक्त पदे अहवालात कशी दाखवावीत?

प्रश्न (समन्वयक, गुणवत्ता कक्ष) :
आमच्या राज्य विद्यापीठाच्या नॅक (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद) श्रेणीची मुदत संपत आली असून पुढील फेरीसाठी स्वयंमूल्यमापन अहवालाचा मसुदा तयार होत आहे. अनेक विभागांत मंजूर पदांपैकी निम्मीही भरलेली नाहीत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर आहे. त्यांना पूर्णवेळ शिक्षकांत धरावे, असा काही विभागप्रमुखांचा आग्रह आहे. शिवाय सारांशात बलस्थानांबरोबर उणिवाही नोंदवायच्या असतात. तेथे रिक्त पदांचा उल्लेख केला तर श्रेणी घसरेल, अशी भीती बैठकीत व्यक्त झाली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक) :
पहिल्या मुद्द्यात पळवाट नाही. पूर्ण शैक्षणिक वर्षभर, पूर्णवेळ शिक्षकासाठी ठरलेल्या कामाच्या तासांपैकी किमान ९० टक्के तास काम करणारा शिक्षक तो पूर्णवेळ, अशी नॅकची व्याख्या आहे आणि तासिका तत्त्वावरील नेमणूक तीत बसत नाही. २०१७ च्या सुधारित आराखड्यापासून संख्यात्मक माहितीची स्वतंत्र पडताळणी होते; नियुक्तिपत्रे आणि मंजूर पदांचे आदेश मागितले की फुगवलेला आकडा उघडा पडतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट विभागप्रमुखांना समजावून सांगावी : शिक्षकसंख्या वाढवली की विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर सुधारलेले दिसते खरे, पण ‘प्रतिशिक्षक शोधनिबंध’ या निकषात तीच संख्या भाजक म्हणून येते. विद्यापीठांसाठी एकूण १००० गुणांपैकी २५० गुण संशोधन, नवोपक्रम व विस्तारकार्याचे आहेत, त्यामुळे एकीकडे कमावलेले दुसरीकडे निसटते.

उत्तर २ (समन्वयक, अन्य विद्यापीठ) :
सरांशी सहमत आहे. उणिवांबाबत मात्र थोडे वेगळे सुचवते. रिक्त पदे लपवण्याचा उपयोग नाही, कारण मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत हे निकष २ (अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन) मध्ये सांगावेच लागते, आणि पीअर टीम (नॅकने पाठवलेले बाहेरच्या तज्ज्ञांचे पथक) शिक्षक, विद्यार्थी व माजी विद्यार्थ्यांशी थेट बोलते. परंतु सारांशात ‘उणिवा’ आणि ‘आव्हाने’ असे दोन वेगळे भाग असतात, त्यांचा नीट उपयोग करावा. पदे रिक्त असणे ही उणीव, तर भरतीसाठी शासनाच्या मान्यतेवर अवलंबून राहावे लागणे हे आव्हान. दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबले की ते गाऱ्हाणे वाटते. विद्यापीठाने आपल्या अधिकारात काय केले, म्हणजे शासनाशी केलेला पाठपुरावा किंवा विभागांनी मिळून चालवलेले अभ्यासक्रम, हे पुराव्यांसह लिहावे. ‘अध्यापनावर परिणाम झालेला नाही’ हे वाक्य मात्र टाळावे. विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण नॅक स्वतः करते आणि तेथे वेगळेच चित्र दिसले तर सगळ्या अहवालाविषयी शंका येते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मागील वर्षांच्या वार्षिक गुणवत्ता अहवालांपैकी एकात तासिका तत्त्वावरील शिक्षक आधीच पूर्णवेळ म्हणून धरलेले आढळले आहेत. त्याचे काय करावे?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक) :
जुन्या आकड्याशी जुळवण्यासाठी नवा आकडा बदलू नये. अहवालात येणाऱ्या पाचही वर्षांची शिक्षकयादी आस्थापना विभागाच्या वेतनपत्रकांवरून नव्याने तयार करून कुलसचिवांची स्वाक्षरी घ्यावी आणि तफावतीचे कारण सांगणारे पत्र पडताळणीपूर्वीच तयार ठेवावे. स्पष्टीकरणासाठी मिळणारी मुदत फार थोडी असते आणि त्या दिवसांत आस्थापना विभागातील संबंधित कर्मचारी हमखास रजेवर असतात.