मदत हवी आहे : ‘लो टायडल व्हॉल्यूम’चा अलार्म वाजत होता, पण गळती कुठेच नव्हती

रात्रपाळी :

नमस्कार. मी परिचारिका आहे. सामान्य विभागात सहा वर्षे काम केल्यानंतर गेल्या चार महिन्यांपासून अतिदक्षता विभागात आहे. व्हेंटिलेटरची तोंडओळख आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात करून देण्यात आली, परंतु अलार्म वाजल्यावर नेमके काय करायचे हे बहुतांशी एकमेकींचे बघूनच शिकले आहे. मागच्या आठवड्यात जे घडले त्यावरून माझ्या समजुतीतच कुठेतरी चूक आहे असे वाटू लागले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रुग्ण प्रौढ पुरुष, न्यूमोनियाचा, श्वासनलिकेत ट्यूब टाकून चौथा दिवस. ट्यूब ८ क्रमांकाची, ओठांपाशी २३ सेंटिमीटरवर बांधलेली. व्हेंटिलेटर प्रेशर कंट्रोल मोडवर होता. श्वास आत देण्याचे प्रेशर १६ (सेंटिमीटर पाण्याचा दाब), त्याखाली पीप, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखलेला दाब, ६, आणि प्रत्येक श्वासाला साधारण ४३० मिलिलिटर हवा (हेच टायडल व्हॉल्यूम) जात होती. पहाटे पावणेतीनच्या सुमारास ‘लो टायडल व्हॉल्यूम’चा अलार्म वाजू लागला. आकडा २४० दिसत होता. प्रशिक्षणात आमच्याकडून एक वाक्य घोटून घेतले होते : प्रेशर वाढले तर अडथळा, व्हॉल्यूम घटले तर गळती. त्याप्रमाणे मी अलार्मचा आवाज बंद केला आणि यंत्रापासून रुग्णाच्या तोंडापर्यंत प्रत्येक जोड हाताने दाबून पाहिला. सर्व घट्ट होते. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “कफ बघा, मी येतोच आहे.” मी दाब मोजायचा मॅनोमीटर लावून पाहिला, २६ सेंटिमीटर पाण्याचा दाब होता, आणि कफ ठीक असल्याचे त्यांना कळवले. शब्द एकच, पण बोलत होतो दोन वेगळ्या गोष्टींबद्दल : त्यांना रुग्णाच्या छातीतला कफ अभिप्रेत होता आणि मी ट्यूबचा फुगा, म्हणजे कडेने हवा निसटू नये म्हणून ट्यूबभोवती असलेला कफ, तपासून मोकळी झाले होते.

एवढ्यात ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६ वरून ८६ वर आले आणि व्हॉल्यूम १७० झाले. शेजारच्या बेडवरच्या ज्येष्ठ सिस्टर धावत आल्या. त्यांनी ट्यूबमध्ये सक्शन कॅथेटर, म्हणजे स्राव ओढून काढायची बारीक नळी, घातला तर तो मध्येच अडला. व्हेंटिलेटर काढून हाताने श्वास देण्याची अंबू बॅग लावली तर बॅग दाबता दाबेना. दुसऱ्या प्रयत्नात कॅथेटर थोडा पुढे गेला आणि सक्शन चालू ठेवून बाहेर ओढल्यावर त्याच्या टोकाला वाळलेल्या डिंकासारखा, तपकिरी, करंगळीच्या नखाएवढा गोळा चिकटून आला. पुन्हा व्हेंटिलेटर लावला तेव्हा व्हॉल्यूम ४१० होते. रुग्ण सावरला, हे सुदैव.

माझे प्रश्न असे आहेत. अडथळा होता, तर ‘हाय प्रेशर’ का वाजला नाही? गळती आणि अडथळा यांतला फरक त्या घाईत कसा ओळखायचा? आणि व्हॉल्यूमच्या अलार्मची खालची मर्यादा २५० वर होती, ती कोणी ठेवली हे कोणालाच सांगता आले नाही. मर्यादा ठरवण्याचा काही नियम असतो का?

भूलतज्ज्ञ :

तुम्ही आकडे लिहून ठेवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. घोटून घेतलेले वाक्यच अर्धवट आहे. ते व्हॉल्यूम कंट्रोल मोडपुरते बरेचसे खरे आहे, कारण त्या मोडमध्ये यंत्र ठरावीक हवा ढकलायचीच असा हट्ट धरते. वाट अरुंद झाली की ती हवा ढकलण्यासाठी प्रेशर चढते आणि ‘हाय प्रेशर’ वाजतो. प्रेशर कंट्रोलमध्ये उलट आहे. तिथे यंत्र प्रेशर धरून ठेवते, तुमच्या रुग्णाच्या बाबतीत २२ च्या (१६ अधिक पीपचे ६) वर ते जाणारच नव्हते. ट्यूबमध्ये गोळा अडकला तरी यंत्र २२ वरच थांबले, फक्त तेवढ्या प्रेशरने पलीकडे जाणारी हवा कमी कमी होत गेली. म्हणजे त्या मोडमध्ये अडथळ्याचा अलार्म ‘लो टायडल व्हॉल्यूम’ हाच असतो आणि गळतीचाही बहुधा तोच असतो. यंत्र आपल्याला निदान सांगत नाही, स्वतः मोजलेली एक गोष्ट सांगते.

फरक ओळखण्यासाठी पडद्यावर दोन आकडे शोधावेत : आत गेलेले व्हॉल्यूम आणि बाहेर आलेले व्हॉल्यूम. आत ४५० आणि बाहेर २४० असेल तर मधली हवा कुठेतरी निसटते आहे, म्हणजे गळती. आत २५० आणि बाहेरही २४० असेल तर हवा मुळात आत शिरतच नाही. व्हॉल्यूमचा आलेख दिसत असेल तर गळतीमध्ये तो उच्छ्वासाच्या शेवटी शून्य रेषेपर्यंत उतरत नाही, मध्येच लोंबकळतो. अडथळ्यामध्ये फ्लोच्या, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या, आलेखातला उंच टोकदार सुळका बसका आणि पसरट होतो. हे पाहायला दहा सेकंद पुरतात, मात्र आधी शांत वेळी सवय केलेली हवी.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. हवा आत न शिरण्याचे कारण दर वेळी ट्यूबमध्येच असते असे नाही. फुप्फुस ताठर झाले असेल, छातीत हवा साठून फुप्फुस दबले असेल किंवा ट्यूब खाली सरकून उजव्या श्वासनलिकेत गेली असेल, तरी प्रेशर कंट्रोलमध्ये व्हॉल्यूम असेच घटते. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये ही फोड सोपी जाते : श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखून धरायचे बटन दाबले की प्लॅटो प्रेशर मिळते. पीक, म्हणजे श्वासातले सर्वोच्च प्रेशर, चढलेले पण प्लॅटो पूर्वीइतकेच असेल तर वाटेत अडथळा, म्हणजे चिकट स्राव, दुमडलेली किंवा चावलेली ट्यूब, श्वासनलिकांचे आकुंचन. दोन्ही चढली असतील तर फुप्फुसाकडे किंवा छातीकडे पाहावे. प्लॅटो ३० च्या खाली राहावे असा आमचा प्रयत्न असतो, हे तुम्ही फेरीच्या वेळी ऐकलेच असेल.

जुनी सिस्टर :

डॉक्टरांनी यंत्राचे सांगितले, मी हाताचे सांगते. बाळ, तू पहिली गोष्ट कोणती केलीस? आवाज बंद केलास आणि नळ्या तपासायला लागलीस. मी एकवीस वर्षे हेच काम करते आहे आणि नव्या मुलींना एकच क्रम शिकवते. अलार्म वाजला की एक हात रुग्णाच्या छातीवर. छाती दोन्ही बाजूंना सारखी उचलली जाते का, रंग कसा आहे, मॉनिटरवर सॅच्युरेशन आणि रक्तदाब किती आहे, हे नजरेखालून घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाऊण उत्तर मिळते. छातीत गुरगुर असेल तर ती तळहाताला कळते, स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी कळते. मग तोंडापाशी ट्यूबची खूण पाहायची, २३ ला बांधलेली २३ लाच आहे का ते. मग सक्शन. कॅथेटर सहज खाली गेला तर ट्यूब मोकळी आहे. अडला तर ट्यूब दुमडली आहे, रुग्णाने चावली आहे किंवा आत काहीतरी बसले आहे, यांपैकी एक.

रुग्णाची अवस्था ढासळते आहे असे दिसले की व्हेंटिलेटरशी वाद घालत बसू नये. तो काढायचा, शंभर टक्के ऑक्सिजनवर अंबू बॅग लावायची आणि मदतीला हाक मारायची. बॅग हलकी लागली आणि रुग्ण सुधारला तर दोष यंत्रात किंवा नळ्यांत. बॅग दगडासारखी लागली तर दोष ट्यूबमध्ये किंवा छातीत. बॅग भसकन रिकामी झाली आणि छाती उचललीच नाही तर ट्यूब बाहेर आली आहे किंवा फुगा फुटला आहे.

आणि ‘कफ’ या शब्दाबद्दल. आमच्याकडेही असाच घोटाळा झाला होता, तेव्हापासून आमच्या विभागात फोनवर कफ म्हणायचे नाही असा दंडकच आहे. ट्यूबचा असेल तर फुगा, रुग्णाचा असेल तर सिक्रीशन. ऐकायला भाषा धेडगुजरी वाटते, पण पहाटे पावणेतीनला शुद्ध मराठीपेक्षा अचूक मराठी बरी.

भूलतज्ज्ञ :

सिस्टरांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण व्हेंटिलेटर काढण्याबाबत एक पुरवणी जोडतो, नाहीतर प्रत्येक अलार्मला व्हेंटिलेटरची नळी ट्यूबपासून काढण्याची सवय लागेल. गंभीर फुप्फुसविकारात पीप १२ किंवा १४ वर असताना नळी सुटली की मोठ्या कष्टाने उघडलेली फुप्फुसे काही क्षणांत मिटतात आणि सॅच्युरेशन परत यायला बराच वेळ जातो. अशा रुग्णाला पीप व्हॉल्व्ह असलेलीच बॅग लावावी, संसर्गाची शंका असेल तर बॅग आणि ट्यूब यांच्यामध्ये फिल्टर ठेवावा. रुग्ण स्थिर असेल तर नळी न काढता आधी वरचे दोन आकडे पाहावेत. उलट दम्याच्या रुग्णाचा रक्तदाब एकाएकी कोसळला तर व्हेंटिलेटरची नळी काढणे हाच उपचार ठरू शकतो, कारण पूर्ण उच्छ्वास होण्याआधीच पुढचा श्वास मिळत गेल्याने छातीत कोंडलेली हवा तेवढ्याने बाहेर पडते. आणि एका बाजूला हवा शिरत नाही, रक्तदाब पडतो आहे, बॅग दाबणे जड जाते आहे, असे एकत्र दिसले तर एक्स-रेची वाट न पाहता डॉक्टरांना ‘न्यूमोथोरॅक्स वाटतो’ (छातीत हवा साठून फुप्फुस दबले आहे) असे स्पष्ट शब्दांत सांगावे. परिचारिकेने निदान बोलून दाखवू नये हा संकोच अशा वेळी बाजूला ठेवावा.

तो वाळलेला गोळा का तयार झाला याचाही विचार व्हायला हवा. ट्यूबला कृत्रिम नाक, म्हणजे उच्छ्वासातला ओलावा धरून पुढच्या श्वासाला देणारा एचएमई फिल्टर लावला होता का? स्राव घट्ट किंवा रक्तमिश्रित असेल तर तो फिल्टर पुरेसा ओलावा देऊ शकत नाही. अशा रुग्णाला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावावा लागतो. दोन्ही एकाच वेळी मात्र कधीही लावू नयेत, फिल्टर भिजून तोच अडथळा होतो.

पाना-पक्कड :

मी रुग्णालयातील उपकरणांची देखभाल करणारा अभियंता आहे, त्यामुळे छातीतले मला कळत नाही, मर्यादांबद्दल लिहितो. २५० ही मर्यादा बहुधा कोणीच ‘ठेवली’ नसेल. ‘नवीन रुग्ण’ असे निवडून यंत्र सुरू केले की पुष्कळ यंत्रे त्यांच्यात आधीच भरलेल्या मर्यादांवर जातात आणि ‘मागील रुग्ण’ निवडले तर आधीच्या रुग्णाच्या मर्यादा तशाच राहतात. दोन्ही प्रकारांत त्या तुमच्या समोरच्या माणसासाठी बेतलेल्या नसतात. ४३० घेणाऱ्या रुग्णाला २५० ची मर्यादा म्हणजे जवळपास निम्मी हवा कमी होईपर्यंत यंत्र गप्प बसणार. मी ज्या विभागांत जातो तिथे व्हॉल्यूमची आणि मिनिट व्हॉल्यूमची (एका मिनिटातल्या एकूण हवेची) खालची मर्यादा रुग्णाच्या चालू आकड्यापेक्षा साधारण २० ते ३० टक्के खाली आणि प्रेशरची वरची मर्यादा पीकपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर वर ठेवतात. ॲप्नियाची, म्हणजे श्वास थांबल्याचा अलार्म वाजण्याची, वेळ सहसा २० सेकंद असते. तुमच्या विभागाचे लेखी धोरण असेल तर तेच अंतिम मानावे, आणि नसेल तर ते करून घ्यावे. मोड बदलला की मर्यादा पुन्हा पाहायच्या, हे मात्र हमखास राहून जाते.

आवाज बंद करण्याचे बटन बहुतेक यंत्रांत दोन मिनिटांपुरते असते. आवाज थांबतो, दिवा आणि पडद्यावरचा संदेश थांबत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मसाठीच्या आयईसी ६०६०१-१-८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लुकलुकणारा लाल म्हणजे तातडीचा आणि लुकलुकणारा पिवळा म्हणजे मध्यम प्राधान्याचा अलार्म. तातडीच्या अलार्मच्या एका आवर्तनात दहा ठोके असतात, मध्यमच्या आवर्तनात तीन. पाठ रुग्णाकडे असतानासुद्धा ठोक्यांवरून तातडी ओळखता येते.

आणखी एक : नेब्युलायझेशन (औषधाचे तुषार श्वासातून देणे) वारंवार चालू असेल तर उच्छ्वासाच्या बाजूचा फिल्टर औषधाने ओला होऊन तुंबतो. श्वास बाहेर पडायला जड जाते, दोन श्वासांमधले बेसलाइन प्रेशर वर सरकते आणि सगळे जण रुग्णाच्या छातीत कारण शोधत बसतात. तो फिल्टर बदलल्याची तारीख फिल्टरवरच लिहून ठेवावी.

शक्य असेल तर रिकाम्या व्हेंटिलेटरला टेस्ट लंग, म्हणजे चाचणीसाठीचे कृत्रिम फुप्फुस, लावून, त्याच्या तोंडाशी नळी चिमटीत धरून दोन्ही मोडमध्ये काय वाजते ते स्वतः पाहा.

रात्रपाळी :

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी रिकाम्या यंत्रावर टेस्ट लंग लावून आम्ही चौघींनी नळी दाबून पाहिली. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये दुसऱ्याच श्वासाला ‘हाय प्रेशर’ वाजला, आणि मर्यादा गाठताच यंत्र श्वास मध्येच तोडत असल्याने पाठोपाठ ‘लो व्हॉल्यूम’ही वाजला. प्रेशर कंट्रोलमध्ये नळी तितकीच दाबली तरी प्रेशरचा आकडा ढिम्म हलला नाही. आत आणि बाहेर दोन्हीकडची व्हॉल्यूम मात्र बरोबरीने घसरत गेली. मग एक जोड सैल केला, तेव्हा आतला आकडा वाढला आणि बाहेरचा पडला. पडद्यावर हे आकडे पहिल्या दिवसापासून होते, आमच्या तक्त्यात मात्र एकच रकाना होता. आता दोन केले आहेत, आणि पाळी बदलताना मर्यादा मोठ्याने वाचून दाखवायच्या असे ठरले आहे.

भूलतज्ज्ञ डॉक्टर, आपला अंदाज बरोबर होता. त्या रुग्णाला कृत्रिम नाकच लावलेले होते आणि आदल्या दोन पाळ्यांच्या नोंदीत ‘स्राव घट्ट’ असे लिहिलेले सापडले. आता ह्युमिडिफायर लावला आहे. मात्र त्यामुळे नळीत पाणी साचते आणि रुग्ण स्वतः श्वास घेत नसतानाही यंत्र मध्येच जास्तीचे श्वास देते, रेट १६ वरून २४ दाखवते. हे पाण्यामुळेच होत असेल का?

जुनी सिस्टर :

बहुधा पाण्यामुळेच. नळीत पाणी हिंदकळले की यंत्राला तो रुग्णाचा श्वास वाटतो. वॉटर ट्रॅप नळीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर येईल असा टांग, भरायच्या आत रिकामा करत जा, आणि पाणी काढताना नळी रुग्णाच्या दिशेने कधीही उचलू नकोस. पाणी काढूनही रेट उतरला नाही तर गळती पुन्हा एकदा पाहा आणि ट्रिगरची, म्हणजे रुग्णाने श्वास सुरू केल्याचे यंत्राने ओळखण्याची, सेटिंग डॉक्टरांकडून तपासून घे.