हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात! जर्मन शिकतानाचे तुमचे अनुभव सांगा

लेकीने आज जर्मनच्या वहीत साडेसातला 'हाल्ब झीबन' (झीबन म्हणजे सात, म्हणजे झाले साडेसहा!) लिहिलं आणि मला एकदम पूर्व जर्मनीतल्या केम्निट्झची घरमालकीण आजी आठवली. हाल्ब आख्टला जेवायला ये म्हणाली, मी डोक्यात हाफ आणि एट जोडलं आणि साडेआठला गेले. उकडलेले बटाटे ताटलीखाली झाकलेले, पार गार, आजी तशीच बसलेली, अजून पोटात कालवतं. ओरडली नाही, पाकिटाच्या मागे घड्याळ काढलं, सात ते आठ हा आठवा तास, पाव भरला की फिअर्टेल आख्ट म्हणजे सव्वासात, अर्धा भरला की हाल्ब आख्ट, पाऊण भरला की ड्रायफिअर्टेल आख्ट, म्हणजे आपले पावणेआठच की! तुमचे पण लिहा

—
ते फिअर्टेल आख्ट हँबुर्गवाल्यांना सांगू नका हं, तिकडे फिअर्टेल नाख झीबन, सातनंतर पाव. परीक्षेतही तेच लिहायला सांग लेकीला

—
ऑफिसात उकडत होतं म्हणून मी 'इश बिन हाइस' म्हटलं, सगळे गप्प. नंतर एका कलीगने बाजूला घेऊन सांगितलं की त्याचा अर्थ भलताच होतो, 'मिअर इस्ट हाइस' म्हणायचं. अगं मग ते 'मला गरम होतंय'च झालं ना, मिअर म्हणजे मला! आय ॲम मधे आणलं नसतं तर चुकलेच नसते

—
+१ आणि पोट भरल्यावर 'इश बिन फोल' नको, ते प्यायलेल्या माणसाचं. 'झाट' म्हणा

—
मला फॉरने छळलं. फॉर थ्री इयर्सचं 'फ्यूर द्राय यारं' करायचो. बाईंनी मराठीत विचार करायला लावलं, तीन वर्षांपासून राहतोय, झाइट द्राय यारन, क्रियापदसुद्धा वर्तमानकाळातच, झालं काम

—
इन आख्ट टागन = आठ दिवसांनी, म्हणजे आठवड्याने. डिट्टो आपलं. फक्त पंधरवड्याला ते चौदा दिवस म्हणतात. कुकर झाला, येते नंतर

—
ताई त्या आजी आहेत का अजून?

—
नाहीत गं, 2016 ला गेल्या. ते पाकीट आहे माझ्याकडे, लेकीला आत्ताच दाखवलं

—
बटाट्यांवर काय घालायच्या त्या? माझी मुलं नुसते खात नाहीत

—
क्वार्क आणि जवसाचं तेल, वरून कांदा. क्वार्क नसेल तर चक्का घे