तक्त्यात नसलेला रकाना

फळ्यासमोरचा:
काल एका सदस्याने गावातील जिल्हा परिषदेची आणि खाजगी अशा दोन शाळांच्या पाचवीच्या गुणांचा तक्ता येथे टाकला आणि ‘जिल्हा परिषदेचे शिक्षक पगार घेऊन झोपा काढतात’ असा निवाडाही देऊन टाकला. कोणत्या वर्गात कोणाची मुले बसतात, हा रकाना मात्र त्यात नव्हता. खाजगी शाळेकडे मुख्यतः फी परवडणाऱ्या घरांतील मुले जातात; आमच्या वर्गातील निम्मी मुले ऊसतोड कामगारांची असून टोळी निघाली की तीही निघतात आणि परततात ती परीक्षेच्या तोंडावर. हंगामी वसतिगृहामुळे काही जण थांबतात, पण धाकट्या भावंडाला सांभाळायला जिला न्यावेच लागते, ती कशी थांबणार? अशाच एका मुलीच्या वहीत शेवटची तारीख ऑक्टोबरमधील होती. बैलगाडीत उसाच्या किती मोळ्या मावतात हे ती चटकन सांगत असे, हातच्याची वजाबाकी मात्र पार विसरली होती. तिचे गुण माझ्या नावावर मांडायचे असतील, तर ते महिनेही मांडावेत.

सडेतोड:
तक्ता माझाच होता आणि मी तो मागे घेणार नाही. उरलेली निम्मी मुले तर वर्षभर आपल्यासमोरच बसली होती ना? मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीचे सर्वेक्षक घरोघरी जाऊन मुलांसमोर दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात, आणि पाचवीतील कितीतरी मुलांना तोही वाचता येत नाही. परिस्थितीची ढाल पुढे करून अपेक्षाच खाली आणणे हा गरिबांवरचा दुसरा अन्याय आहे. शिवाय, ज्यांना आपल्या शाळेचा एवढा अभिमान आहे, त्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात? सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची मुले सरकारी प्राथमिक शाळेतच शिकतील अशी व्यवस्था करा, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारला बजावले होते. तसा आदेश येथे निघाला, तर किती गुरुजी रांगेत उभे राहतात ते पाहू.

फळ्यासमोरचा:
माझी मुलगी चौथीपर्यंत माझ्याच शाळेत शिकली. आता हा प्रश्न आमदारांना आणि तहसीलदारांनाही विचारण्याचे धैर्य दाखवा; की सडेतोडपणा फक्त शिक्षकांपुरताच राखीव आहे?

सडेतोड:
एका मुलीच्या दाखल्यावर सगळ्या शिक्षकवर्गाला प्रमाणपत्र मिळत नाही. आमच्या गल्लीतील शिक्षक दांपत्याची दोन्ही मुले पिवळ्या बसने तालुक्याला जातात.

मागच्या बाकावरची:
शिक्षकांच्या मुलांचे पुराण आता पुरे करावे. माझा मुलगा शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल घटकांसाठी राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागांमधून एका नावाजलेल्या खाजगी शाळेत आहे. पहिल्याच पालकसभेत बाईंनी सांगितले, “शिकवणी लावा, घरून अभ्यास झाला नाही तर तो मागे पडेल.” मग त्या शाळेच्या निकालात शाळेचा वाटा किती आणि शिकवणीचा किती? सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा घाट फेब्रुवारी २०२४ मध्ये घातला गेला. तो जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला नसता, तर मुलांची वाटणी आणखी पक्की झाली असती. तुलना करायचीच असेल, तर त्याच मुलांची जूनमधील आणि मार्चमधील चाचणी शेजारी ठेवा.

सडेतोड:
बाईसाहेब, मान्य, आपण सांगता म्हणून शिकवणीचाही रकाना घालू. खाजगी शाळेचे जून-मार्चचे आकडे मी मिळवतो, गुरुजींनी आपले टाकावेत आणि वर्षभर हजर असलेल्या मुलांची नोंद वेगळी ठेवावी. त्या मुलांचीही प्रगती दिसली नाही, तर मात्र ऊसतोडीचे नाव घेऊ नये.

फळ्यासमोरचा:
टाकतो. निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामात माझे किती दिवस गेले, त्याचा रकानाही सोबत असेल.