देवस्थानच्या पावती-प्रोग्रामसाठी डेब, फ्लॅटपॅक, स्नॅप की ॲपइमेज?

खाजनबांध (प्रश्न)
फोंडा आणि डिचोली तालुक्यांतल्या काही देवस्थानांच्या कार्यालयांसाठी पावत्या आणि जमाखर्चाचा प्रोग्राम आहे. पायथन, पायसाइड६ (पायथनमधून क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरण्यासाठी), डेटा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतला डेटाबेस). मशीनवरचं लिनक्स एकसारखं नाही: बहुतेक मिंट २१ आणि २२, दोन डेबियन १२, एक फेडोरा. पावती ८० मिलिमीटरच्या यूएसबी थर्मल प्रिंटरवर निघते. देणगीदारांची नावं मराठीत टाइप करावी लागतात. नेट म्हणजे कारकुनाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, पावसाळ्यात त्याचाही भरवसा नाही. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल झालंच पाहिजे. लिनक्सवर प्रोग्राम बांधून देण्याच्या या चार फॉरमॅटपैकी कुठला धरू?

आडवाट_पेडणे
डेब. पण सिस्टमच्या पायथनवर अवलंबून राहणारं नको. मिंट २१ वर पायथन ३.१०, डेबियन १२ वर ३.११, मिंट २२ वर ३.१२, एकावर बनवलेलं व्हेनव्ह (प्रोग्रामचं वेगळं पायथन फोल्डर) दुसऱ्यावर उचलून ठेवलं की मोडतं. त्यात डेबियन १२ च्या भांडारात पायसाइड६ नाहीच.

पायइन्स्टॉलरने (पायथन आणि लायब्ररींसकट प्रोग्राम बांधणारं साधन) ‘वनडिर’ फोल्डर काढा, तो ऑप्ट या सिस्टम फोल्डरखाली ठेवा आणि त्यालाच डेबमध्ये गुंडाळा. बिल्ड सगळ्यात जुन्या मशीनवर करायचं, म्हणजे मिंट २१ वर. तिथे जीलिबसी (सिस्टमची मूळ सी लायब्ररी) २.३५ आहे, डेबियन १२ वर २.३६, मिंट २२ वर २.३९. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. उलट केलंत तर ‘जीलिबसी_२.३८ सापडलं नाही’ अशा धाटणीची ओळ येऊन प्रोग्राम तिथेच बसतो.

डिपेंड्समध्ये (डेबला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) एक नाव विसरू नका: लिबएक्ससीबी-कर्सर०. क्यूटी ६.५ पासून ते लागतं. नसलं तर खिडकीच उघडत नाही, आणि ‘एक्ससीबी प्लगइन लोड झालं नाही’ हा निरोप फक्त टर्मिनलमध्ये दिसतो. आयकॉनवर क्लिक करणाऱ्या कारकुनाला काहीच कळत नाही. नेट नसेल तर या पॅकेजचं डेबही पेनड्राइव्हवर सोबत द्या, त्या-त्या आवृत्तीचं. इन्स्टॉल करताना डीपीकेजी कमांड नको. एपीटी कमांडला फाइलचा पूर्ण मार्ग द्या, म्हणजे डिपेंडन्सी तोच बघतो.

पुढे एखादं डेबियन ११ निघालं तर त्याची जीलिबसी २.३१ आहे, बिल्डच तिथे हलवावं लागेल. शिवाय मिंटवर डेब झेडस्टँडर्ड पद्धतीने आवळलं जातं आणि डेबियन ११ ला ते उघडता येत नाही.

नदीपलीकडे
डेबला माझा विरोध नाही, पण फ्लॅटपॅक बघितल्याशिवाय सोडू नका. मिंटवर तो आधीच असतो आणि फेडोराचा प्रश्न आपोआप मिटतो. नेट नसलं तरी जमतं. एका मशीनवर फ्लॅटहबच्या (फ्लॅटपॅक ॲपचं ऑनलाइन भांडार) रिमोटला, म्हणजे नोंदवलेल्या स्रोताला, कलेक्शन आयडी द्यायचा, ‘क्रिएट-यूएसबी’ने ॲप आणि रनटाइम (ॲपला लागणाऱ्या सामायिक लायब्ररी) दोन्ही पेनड्राइव्हवर घ्यायचे, आणि दुसरीकडे साइडलोड-रेपोचा मार्ग देऊन इन्स्टॉल करायचं. नुसतं ‘बिल्ड-बंडल’ केलंत तर रनटाइम त्यात येत नाही आणि ऐन वेळी काहीशे एमबी मागत बसतो. हॉटस्पॉटवर ते कोण उतरवणार!

थर्मल प्रिंटर मात्र अडेल. प्रोग्राम थेट डेव्ह/यूएसबी/एलपी० वर लिहीत असेल तर ‘डिव्हाइस=ऑल’ द्यावं लागतं. फक्त यूएसबीपुरती परवानगी फ्लॅटपॅक १.१६ पासून आहे, डेबियन १२ आणि मिंट २२ वर १.१४ च आहे. म्हणजे सँडबॉक्सचा (ॲपला सिस्टमपासून वेगळं ठेवणारं कुंपण) निम्मा अर्थ गेला. तिथे तुमचं डेब सरस, हे मान्य.

कुळागर
स्नॅपचा विचार सोडा. मिंटने २०२० पासून स्नॅपडी (स्नॅप चालवणारा प्रोग्राम) अडवून ठेवलाय, त्यासाठी नोस्नॅप नावाची फाइल आधी हटवावी लागते. आणि तो दिवसातून चार वेळा आपणहून अपडेट शोधतो. रिफ्रेश थांबवून ठेवता येतो, पण ऐन जत्रेच्या आधी कोणीतरी ते लक्षात ठेवायला हवं ना.

ॲपइमेज पेनड्राइव्हला सोयीचा, पण साध्या ॲपइमेजला एफयूएसई २ (फाइल डिस्कसारखी जोडणारी लायब्ररी) लागतं. मिंट २२ ज्या उबुंटू २४.०४ वर उभा आहे, तिथे त्या पॅकेजचं नाव बदलून लिबफ्यूज२टी६४ झालंय. जुन्या नावाची सूचना पत्रकात छापून देऊ नका.

आता मराठी टाइपिंग. प्रोग्राममध्ये बांधलेल्या क्यूटीला सिस्टमचे इनपुट प्लगइन दिसत नाहीत. बिल्ड झाल्यावर ‘प्लॅटफॉर्मइनपुटकॉन्टेक्स्ट्स’ फोल्डर उघडून आयबसची (मराठी टाइपिंग पुरवणारी इनपुट यंत्रणा) फाइल आली का बघा. पायसाइडच्या व्हीलमध्ये (पायथनचं तयार पॅकेज) आयबसचं प्लगइन असतं, एफसीटीएक्स५ या दुसऱ्या इनपुट यंत्रणेचं नसतं. सिस्टमवरचं उचलून टाकलं तरी क्यूटीची आवृत्ती जुळत नाही आणि ते लोड होत नाही. सगळीकडे आयबस ठेवा. नाहीतर ब्राउझरमध्ये मराठी उमटतं, पावतीत मात्र इंग्रजीच.

खाजनबांध
देव बरें करूं. डेबच धरतो. प्रिंटर कप्समधून (लिनक्सची छपाई यंत्रणा), ‘एलपी’ कमांडला रॉ, म्हणजे न बदलता, पाठवतोय, मजकूर चित्र करून. फेडोराचं काय? आणि पुढे कधी फ्लॅटपॅककडे गेलो तर डेटा?

आडवाट_पेडणे
रॉ पाठवताय ते बरोबर. पण पायइन्स्टॉलर एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) बदलतो, त्यामुळे आतून चालवलेली ‘एलपी’ कमांड तुमच्या बंडलमधल्या लायब्ररी उचलते आणि कधी कधी पडते. सबप्रोसेस चालवण्याआधी ‘_ओरिग’ शेपटाच्या व्हेरिएबलमधली मूळ किंमत परत ठेवा. ते नसेलच तर एलडी_लायब्ररी_पाथ काढून टाका.

एका फेडोरासाठी आरपीएम (फेडोराचं डेबसारखं पॅकेज) बनवायची गरज नाही. तोच फोल्डर टारमध्ये द्या, ऑप्टखाली उलगडा आणि डेस्कटॉप फाइल हाताने ठेवा. कर्सरची लायब्ररी तिथे एक्ससीबी-युटिल-कर्सर नावाने मिळते.

डेटाचं आजच ठरवा. फ्लॅटपॅकमध्ये तो होममधल्या ‘.व्हार/ॲप’खाली जातो, म्हणून फॉरमॅट बदलल्या दिवशी प्रोग्राम रिकामा उघडतो आणि कार्यालयातून फोन येतो की वर्षाच्या पावत्या गेल्या. गेलेल्या नसतात, जुन्या जागी असतात. पण तेवढ्यात कोणी ‘डिलीट-डेटा’ लावून फ्लॅटपॅक काढला, तर नव्या जागी भरलेल्या पावत्या खरंच जातात. डेटाबेसचा मार्ग सेटिंगमध्ये उघड ठेवा, आणि पहिल्यांदा उघडताना जुन्या जागी फाइल सापडली तर ती आयात करायची का, असं विचारा.